ओळख परेड

१

विषांबद्दल कंपाउंडरबाईंशी त्यांच्या मुलीइतकं कोणी बोललं नसेल. जेवताना, कपडे वाळत घालताना, बसथांब्यावर उभ्या असताना मुलगी मध्येच विचारायची, "आई, समजा नवऱ्याला मारायचंय आणि डॉक्टरला संशय यायला नको, तर काय द्यावं?" आणि बाई शांतपणे विचार करून म्हणायच्या, "नवऱ्याचं वजन किती?" एकदा हे ऐकून थांब्यावरची एक म्हातारी उठली आणि पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेली. त्या म्हातारीवर मायलेकी वर्षभर हसल्या.

बाई औषधांच्या दुकानात काउंटरवर होत्या. पूर्वी तिथे औषधं मोजून, कालवून, बाटलीत भरून द्यायचं कामही त्यांनी केलं होतं, म्हणून अजूनही सगळे त्यांना कंपाउंडरबाईच म्हणत. नवरा लवकर गेला. मुलगी एकुलती एक. घरात तिला मुंगी म्हणत, कारण लहानपणी ती हमखास साखरेच्या डब्यापाशी सापडायची. पुढे डबा सुटला, पण एका जागी ठरायचं तिला कधी जमलं नाही, आणि नाव टिकलं. मुंगीला रहस्यकथा लिहायच्या होत्या. तिची एकही कथा अजून कुठे छापून आली नव्हती, पण मुडदे मात्र भराभर पडत होते.

शहरातल्या मोठ्या वाचनालयात दरवर्षी रहस्यकथांचा महोत्सव भरायचा. वाचणारे, लिहू पाहणारे, नुसतेच मिरवणारे, असे हौशे, नवशे, गवशे सगळे तिथे लोटायचे. मायलेकी न चुकता जात. बाई त्या दिवसाची रजा आधीच मागून ठेवत. व्याख्यानात त्यांचा डोळा लागला की मुंगी कोपरानं ढोसून म्हणायची, "आई, खून झाला, ऊठ."

यंदा बाई एकट्या आल्या. मुंगीनं दोघींची नावं नोंदवून ठेवली होती, आणि नंतर एका सकाळी ती स्कूटरसकट ट्रकखाली गेली. या गोष्टीला काही महिने झाले होते. बाईंचा धाकटा भाऊ कालच म्हणाला होता, "ताई, खपली काढायची हौस आलीय का तुला?"

दारातल्या टेबलावर एक उत्साही मुलगी निळ्या फितीत ओवलेली ओळखपत्रं वाटत होती. तिनं बाईंचं नाव विचारलं आणि एक ओळखपत्र पुढे केलं.

"दुसरं पण द्या," बाई म्हणाल्या. "मुलीचं. ती येणार नाहीये, पण मला हवंय."

मुलीनं डब्यात पाहिलं. मग ती हसली. "ते तर मघाशीच नेलं की तिनं. तुम्ही एकत्र नाही आलात का?"

२

मुंगी गेली त्या दिवशी बाईंना रुग्णालयाच्या तळघरात नेलं होतं. ओळख पटवायला. पांढऱ्या फरशांची खोली होती, कोपऱ्यातला नळ नीट बंद होत नव्हता आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान कोणी उलटलं नव्हतं. तिथला माणूस म्हणाला, "बाई, नीट बघून सांगा." त्यानं चादर उचलली आणि बाईंनी डोळे मिटून घेतले. मिटायच्या आधी त्यांना दिसला तो फक्त एक पाय. पांढरा पडलेला, आणि अंगठ्याला दोऱ्यानं बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा.

"तुमचीच ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "माझीच."

बस, एवढंच. भाऊ बाहेर उभा होता, त्याला आत यायचा धीर झाला नाही. पुढचं सगळं झाकूनच झालं. कोणी चेहरा उघडू दिला नाही, म्हणाले, नका बघू, आहे ती आठवण राहू दे.

मग महिन्याभरानं, काउंटरवर कोणाला तरी खोकल्याचं औषध देताना, बाईंना मुंगीचं वाक्य आठवलं. ती नेहमी बजावायची, "आई, ज्या प्रेताचा चेहरा कोणी पाहिलेला नसतो ना, ते कधीच त्या माणसाचं नसतं. रहस्यकथेतला हा पहिला नियम. कच्च्या वाचकालाही कळतं." बाटली बाईंच्या हातातच राहिली. गिऱ्हाईक दोनदा खोकलं तरी त्यांना भान आलं नाही.

घरी त्या भावाला म्हणाल्या, "मी चेहरा पाहिलाच नाही रे."

"ताई, स्कूटर तिची. पिशवी तिची. फोन तिचा."

"पुस्तकात अगदी अस्संच करतात."

भावानं तोंड भिंतीकडे फिरवलं. तो रडतोय हे बाईंना दिसलं, पण त्यांचा विचार थांबेना. शेवटी एक दिवस त्या पोलीस चौकीत जाऊन सांगून आल्या, की माझी चूक झाली, ती माझी नव्हती. तिथल्या अधिकाऱ्यानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि भावाला फोन करून बोलावून घेतलं. कागदावर काही बदललं नाही. पण बाईंनी आपल्यापुरता दिलेला शब्द मागे घेतला. रोज झोपताना त्या मनाशी म्हणायच्या, ती माझी नव्हती. म्हटलं की झोप लागायची.

म्हणून आज टेबलावरची मुलगी तसं बोलल्यावर बाईंना घेरी आली ती आनंदानं. लगेच दुसरं मन म्हणालं, अगं बाई, कोणीतरी चुकून नेलं असेल, नावं काय, एकसारखी असतात. पहिल्या मनानं ते ऐकलं नाही. चेहरा एकदा दिसावा, एवढंच त्याला हवं होतं.

"कुठे गेली ती?" त्यांनी विचारलं.

"वर, कार्यशाळेत," मुलगी म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

३

जिना चढताना बाई रागवायची तयारी करत होत्या. कुठे होतीस? आईचा जीव टांगणीला लावून कुठे उंडारत होतीस? अर्ध्या जिन्यात त्यांनी ठरवलं, आधी पोटाशी धरायचं, रागवायचं नंतर. रागवायला काय, जन्म पडलाय.

खोलीत लांब टेबल होतं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रेत कोणाला सापडतं?' चहाची सुट्टी झाली होती. कार्यशाळा घेणाऱ्या लेखिकाबाई एकट्याच बसून बिस्कीट खात होत्या. गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या, आणि गळे चिरण्याबद्दल अगदी मऊ आवाजात बोलणाऱ्या. महोत्सवात त्या दरवर्षी असायच्या.

"निळ्या फितीची मुलगी? इथे सगळेच निळ्या फितीचे," त्या म्हणाल्या. "हां, ती खिडकीशी बसलेली. तुमची मुलगी होय? आत्ता, या क्षणी उठून गेली. तुम्हाला जिन्यात भेटायला हवी होती."

"बरी दिसत होती का?"

लेखिकाबाईंनी बिस्कीट खाली ठेवलं. "बघा, गंमत आहे. चेहरा काही केल्या डोळ्यांपुढे येत नाहीये. माणसं न्याहाळणं हा माझा धंदा, आणि..." त्या थांबल्या. "पण प्रश्न काय विचारला हो तिनं! मी ओळख पटवण्याबद्दल बोलत होते. ती उभी राहिली आणि म्हणाली, ओळख पटली नाही, तर मेलेल्या माणसानं थांबायचं कुठे?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगणार, कपाळ? मला वाटलं, पोरं हसतील. एकही हसलं नाही." त्यांनी शाल खांद्यावर ओढली. "खिडकी लावा हो ती कोणीतरी, केव्हापासून गारठा येतोय."

खिडकी लावलेलीच होती. बाई मुंगीच्या खुर्चीपाशी गेल्या. टेबलावर चहाचा कप होता, भरलेला, वर जाड साय धरलेला. चहा तसाच टाकून उठणारी मुलगी नव्हती त्यांची. त्यांनी खुर्चीच्या बैठकीला हात लावला. ती थंडगार होती, नळाच्या लोखंडासारखी. त्यांनी स्वतःलाच समजावलं, खिडकीजवळची खुर्ची, गार असायचीच. मग शेजारच्या खुर्चीला हात लावून पाहिला. ती माणूस उठून गेल्यावर असते तशी कोमट होती.

४

खाली व्हरांड्यात पुस्तकांची विक्री चालू होती. तिथला जाड भिंगांचा विक्रेता मायलेकींच्या चांगल्या ओळखीचा. त्याला मुंगी चष्मेवाले काका म्हणायची आणि प्रत्येक पुस्तकाच्या किमतीवरून त्याच्याशी भांडायची. भांडण जुंपलं की आजूबाजूचे लोक पुस्तकं सोडून ते बघायला थांबत.

"या, कंपाउंडरबाई!" तो म्हणाला. "यंदा भांडायला उशीर केलात. पोरगी कुठाय?"

त्याला कळलेलं नव्हतं. बाईंना एकदम हलकं वाटलं. जगात एक तरी जागा अशी होती, जिथे मुंगीला काही झालेलं नव्हतं. "इथे आली नाही का?" त्यांनी विचारलं.

"छे. आली असती तर कान शाबूत राहिले असते का माझे?" तो पुस्तकं सारखी करू लागला. "मघाशी एक मुलगी मात्र आली होती, जरा विचित्र. कुठलंही पुस्तक हातात घेतलं नाही. समोर उभी राहून म्हणाली, काका, मला ओळखलंत का?"

"मग?"

"मी म्हटलं, पाहिल्यासारखं वाटतंय, पण नाही सांगता येत. इतकी माणसं येतात, नाही लक्षात राहत. आणि हे भिंग धूसर झालं होतं, पुसलं तरी धूसरच." त्यानं चष्मा काढून दाखवला. "तिला वाईट वाटलं असावं. म्हणाली, असू द्या. आणि शेजारच्या टेबलाकडे गेली, तिथेही तेच विचारलं. मग त्याच्या पुढे. साऱ्या व्हरांड्याला विचारत गेली हो ती. कोणी हो म्हणालं नाही."

बाई टेबलावर वाकल्या. "अहो, ती मुंगी होती."

"मुंगी?" विक्रेता हसला. "काहीतरीच काय! मुंगीला मी अंधारात ओळखीन." आणि मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि व्हरांड्याच्या टोकाकडे पाहत राहिला.

"भांडली नाही ना," तो पुटपुटला. "म्हणून नसेल कळलं."

५

व्हरांड्याच्या टोकाला बायकांचं स्वच्छतागृह होतं. बाई आत गेल्या त्या तोंडावर पाणी मारायला. आरशात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, आणि हा चेहरा मुंगीनं पाहिला तर काय म्हणेल, याची लाज वाटली. केस विस्कटलेले, ओठ पांढरे. त्यांनी केस सारखे केले.

आपण वेड्या होतोय का, हे त्यांनी सरळ स्वतःला विचारून पाहिलं. दुकानात अशी माणसं येत. रात्र रात्र झोप नसली की नको ते ऐकू येतं, नको ते दिसतं, त्यांना कोणती गोळी द्यायची हे बाईंना पाठ होतं. पण टेबलावरच्या मुलीनं ऐकलं होतं, लेखिकाबाईंनी ऐकलं होतं, काकांनी ऐकलं होतं. त्या सगळ्यांना कोणती गोळी द्यायची?

ओळीतल्या शेवटच्या बंद दारामागे कोणीतरी हललं.

"अहो," आतून आवाज आला. दबका, आदबशीर, परक्या बाईशी बोलावं तसा. "बाहेर कोण आहे? तुम्ही मला ओळखता का?"

आवाज मुंगीचा होता. सर्दी झाल्यावर व्हायचा तसा बसलेला, पण मुंगीचाच. मुंगीनं त्यांना उभ्या जन्मात कधी अहो म्हटलं नव्हतं. त्यांनी नळ बंद केला. नळ टपकत राहिला.

दार खालून वीतभर उघडं होतं. बाई वाकल्या. आत ओल्या फरशीवर दोन अनवाणी पावलं होती, टाचा जुळवून शेजारी शेजारी ठेवलेली. पांढरी. उजव्या पायाच्या अंगठ्याला निळी फीत गुंडाळलेली होती आणि तिच्या टोकाला ओळखपत्र लोंबत होतं.

बाई मागे सरल्या. त्यांच्या मनानं तेवढ्यातही कारणं शोधली. चपला चावत असतील, काढल्या असतील. ओळखपत्र पडलं असेल, पायात अडकलं असेल. पोरींची काही फॅशन असेल. कारणं संपली तेव्हा त्या बाहेर जिन्याच्या पायरीवर बसलेल्या होत्या आणि त्यांना कसं बसलो ते आठवत नव्हतं.

त्यांना भीती वाटली होती, आपल्याच पोरीची. हे कळलं आणि त्यांना रडू कोसळलं. मग रडता रडता त्या म्हणाल्या, चालेल. थंड असली तरी चालेल, अनवाणी असली तरी चालेल. ओळखत नसली मला, तरी चालेल. फक्त असू दे.

त्या परत आत गेल्या. शेवटचं दार उघडं होतं आणि फरशी कोरडी होती.

६

दुपारचा शेवटचा कार्यक्रम मोठ्या सभागृहात होता. एक निवृत्त पोलीस अधिकारी तपासाच्या गमतीजमती सांगायचे आणि लोकांना त्यात भाग घ्यायला लावायचे. बाई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. येणाऱ्या प्रत्येक मुलीचे त्या पाय बघत होत्या.

"आज ओळख परेड करू," अधिकारी म्हणाले. भरदार मिशांचा, खड्या आवाजाचा माणूस. "सिनेमात दाखवतात तशी नाही हां, खरी. एकसारखी माणसं रांगेत उभी करायची. साक्षीदारानं रांगेपुढून चालत जायचं, आणि ज्याला ओळखलं त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. नुसतं बोट दाखवलेलं चालत नाही. हात ठेवायचा. हात ठेवला की ओळख पटली, आणि एकदा पटली की पटली. मागाहून फिरवायची नाही. चला, तरुण मुली या वर."

हसत खिदळत काही मुली मंचावर गेल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. अधिकाऱ्यांनी सभागृहावर नजर फिरवली. "साक्षीदार कोण? त्या तुम्ही, दाराजवळच्या. हो, तुम्हीच बाई, मागे काय बघताय! या. समजा, यातल्या एका मुलीला तुम्ही गुन्ह्याच्या जागी पाहिलंत. तिचं वर्णन मी सांगतो."

बाई वर गेल्या. अधिकाऱ्यांनी वर्णन सांगितलं, उंच, लांब केसांची, हनुवटीवर तीळ असलेली. बाईंनी त्यातलं काही ऐकलं नाही. मंचावरचे दिवे डोळ्यांवर येत होते. त्या रांगेपुढून चालू लागल्या. पहिली मुलगी हसू दाबत होती. दुसरीनं जीभ चावली. नंतरच्या मुलींचे चेहरे एकामागून एक गेले, गरम, घामेजलेले, जिवंत चेहरे.

रांगेच्या शेवटी, दिव्याचा उजेड जिथे पोचत नव्हता तिथे, आणखी एक मुलगी उभी होती. तिची पावलं अनवाणी होती.

बाईंनी वर पाहिलं नाही. पावलांवर नजर ठेवून त्या उभ्या राहिल्या. थंडी त्यांच्या तोंडावर आली, शीतपेटीचं दार उघडल्यावर दुकानात यायची तशी. हात उचलला असता तर खांदा तिथेच होता. सगळे महिने त्यांनी हेच मागितलं होतं, एकदा चेहरा दिसू दे. मान वर करायची, एवढंच उरलं होतं.

पण हात ठेवला की ओळख पटली. आणि ओळख पटली की ट्रक होता, तळघर होतं, चादर होती, सगळं खरं होतं. नाही ठेवला, तर अजून काहीच ठरलेलं नव्हतं. तर मुंगी अजून कुठेतरी होती, थंड, अनवाणी, पण होती. आईचं मन हावरट असतं. बाईंचं तर उपाशी होतं.

"बोला बाई," अधिकारी म्हणाले. "ओळखलंत?"

"नाही," बाई म्हणाल्या. "यात ती नाही."

त्यांच्या समोरच्या पावलांची बोटं किंचित आत वळली.

"शाब्बास!" अधिकाऱ्यांनी टाळी वाजवली. "बरोब्बर उत्तर! या रांगेत ती मुलगी नाहीच. हाच तर खरा सापळा. साक्षीदाराला वाटतं, एवढी रांग लावलीय म्हणजे कोणीतरी असणारच. या बाई फसल्या नाहीत. टाळ्या होऊ द्या!"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

७

लोक उठले. खुर्च्या सरकल्या, गलका झाला, पुढच्या वर्षी भेटू म्हणत माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत निघाली. लेखिकाबाई दारात सह्या देत होत्या. रांगेतल्या मुली उड्या मारत मंचावरून उतरल्या आणि आपापल्या आयांकडे, मैत्रिणींकडे गेल्या. बाईही खाली उतरल्या होत्या. कोणी कोणी येऊन त्यांचं कौतुक करत होतं. एक बाई म्हणाल्या, "मी असते तर घाबरून कोणालाही हात लावला असता बघा!"

सभागृह रिकामं होत गेलं. एक कामगार खुर्च्या एकात एक घालू लागला. दुसऱ्यानं मंचावरचे दिवे मालवले.

शेवटची मुलगी तशीच उभी होती. भिंतीला पाठ लावून, हात शरीराशी धरून. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं, आणि ये म्हणणारंही कोणी नव्हतं. कामगार तिच्या जवळून पडदा ओढत गेला, पण त्यानं वळून पाहिलं नाही.

बाईंना शाळेचं फाटक आठवलं. दुकानात गर्दी असली की त्यांना उशीर व्हायचा. धावतपळत पोचायच्या तोवर सगळी मुलं गेलेली असायची, आणि एका जागी क्षणभर न टिकणारी ती पोर फाटकाशी खांबासारखी उभी असायची. रडायची नाही, हलायची नाही. आईनं सांगितलं होतं ना, मी येईपर्यंत हलायचं नाही.

सगळ्या महोत्सवाला विचारून झालं होतं तिचं. कोणी हो म्हणालं नव्हतं. आणि ज्या एका माणसानं हो म्हणायचं, त्यानं भर सभेत नाही म्हटलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अगं माझे बाई," कंपाउंडरबाई म्हणाल्या आणि मंचाच्या पायऱ्या चढल्या. गुडघे दुखत होते. पडद्याच्या कडेला अंधार होता आणि त्या अंधारातून ती थंडी येत होती. या वेळी त्या पावलांपाशी थांबल्या नाहीत. त्यांनी मान वर केली.

डोळे मिटावेसे वाटले. फार वाटले. लोक बरोबर सांगत होते, आईनं बघावं असं ते नव्हतं. पण आईनं नाही तर कोणी बघायचं? त्यांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं पाहिलं, जे राहिलं होतं ते आणि जे राहिलं नव्हतं ते, आणि त्यात मुंगी होती. कुठल्या कथेत असेल तो नियम, तो इथे लागू नव्हता. तिच्या जागी दुसरं कोणी मेलेलं नव्हतं.

"मुंगे," त्या म्हणाल्या, "उशीर झाला गं मला."

त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा हाताला लागला, हाडाचा, बारीक, लहानपणापासून ओळखीचा.

"हो," बाई मोठ्यानं म्हणाल्या, कोणालाही ऐकू जावं अशा आवाजात. "माझीच आहे."

तळव्याखालचा खांदा सैल पडला. खूप वेळ ताटकळल्यावर माणूस सोडतं तसा एक श्वास त्यांच्या मनगटावर आला, आणि तो कोमट होता. मग हाताखाली काही लागेना. बाईंनी हात तसाच उचलून धरला. दंड दुखायला लागला तरी धरला.

खाली अधिकारी आपली पिशवी घेऊन निघाले होते. दारातून त्यांनी मागे पाहिलं. रिकाम्या मंचावर ती बाई पडद्याकडे तोंड करून, हात पुढे करून उभी होती.

"बाई," त्यांनी हाक मारली, "काही राहिलं का वर?"

"नाही," कंपाउंडरबाई म्हणाल्या. "आता काही राहिलं नाही."